कमी दराचा लखोटा

सरकारी दवाखान्यातील औषधाच्या खिडकीपुढे ज्याने कधी रांग धरली असेल, त्याला ‘बाहेरून घ्या’ या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. माझ्या आजीला रक्तदाबाचा विकार आहे. दर महिन्याला तिला घेऊन मी दवाखान्यात जाते. केसपेपर निघतो, डॉक्टर तपासतात, औषधे लिहून देतात. इथवर सगळे सुरळीत असते. खिडकीशी आलो की आतला माणूस चिठ्ठीवर नजर टाकतो, चार औषधांपैकी दोन देतो आणि उरलेल्या दोहोंभोवती पेनने गोल काढून चिठ्ठी परत करतो. मागच्या खेपेस आजीने त्याला सरळच विचारले, “अवो, सरकार पैसा देतंय म्हनं, तुमी बी हाय, खिडकी बी हाय, मग गोळीच कशी न्हाई?” तो बिचारा ओशाळून हसला आणि म्हणाला, “आजी, टेंडर अडकलंय.”

टेंडर म्हणजे आजीला एखादी चिखलात रुतलेली बैलगाडी वाटली असावी. कारण घर येईस्तोवर ती ‘कुठं अडकलंय, कोन काडनार’ असेच विचारीत होती. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. सार्वजनिक खर्चावरची प्रकरणे परीक्षेपुरती का होईना, पाठ केलेली. पण आजीच्या प्रश्नाला उत्तर देता येईना. ते उत्तर शोधताना जे वाचले आणि जे वाटले, ते येथे मांडते.

सरकार हा देशातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक आहे. खडूपासून पुलापर्यंत आणि सलाइनच्या बाटलीपासून रेल्वेच्या इंजिनापर्यंत सर्व काही त्याला विकत घ्यावे लागते. हे पैसे कोणा एकाच्या खिशातले नसल्यामुळे ते कसे खर्चावेत याचे नियमही झाले. केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम १९४७ साली आले; १९६३, २००५ आणि २०१७ मध्ये ते सुधारले गेले. जाहिरात द्यावी, बंद लखोट्यात दर मागवावेत, सर्वांसमक्ष लखोटे उघडावेत आणि अटींत बसणाऱ्यांपैकी ज्याचा दर कमी त्याला काम द्यावे, हा या व्यवस्थेचा कणा. साहेबाने आपल्या सोयऱ्याला कंत्राट देऊ नये, हा त्यामागचा हेतू. हेतूविषयी वाद घालण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हा नियम प्रत्यक्षात काय तपासतो याचा.

येथे एक कबुली देते. एका स्नेहसंमेलनाच्या समितीवर मी होते. मंडप आणि ध्वनिक्षेपकासाठी तीन दरपत्रके आणा, असा नियम. आम्ही मंडपवाल्याकडे गेलो. तो अनुभवी गृहस्थ. त्याने स्वतःचे दरपत्रक दिलेच, शिवाय भावाच्या आणि मेहुण्याच्या नावाची दोन जादा दराची दरपत्रकेही त्याच टेबलावर, त्याच पेनने लिहून दिली. चहा पाजला तो वेगळाच. आमची फाईल निर्दोष झाली. तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, सर्वांत कमी दराला मंजुरी. आणि ऐन नाट्यछटेच्या वेळी ध्वनिक्षेपक असा काही किंचाळू लागला की मागच्या तीन रांगा उठून गेल्या. मात्र आमच्यापैकी कोणालाही कोणी दोष देऊ शकले नाही. नियम पाळला होता ना! ध्वनिक्षेपक आधी वाजवून पाहा, असे नियमात कोठेच लिहिलेले नव्हते.

नाट्यछटा बुडाली तर हसून सोडून देता येते. पण हीच रीत औषधाला लागते तेव्हा काय होते, हे महाराष्ट्राने १९८६ साली पाहिले आहे. त्या वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. बरे व्हायला आलेल्या माणसांची मूत्रपिंडे निकामी झाली, कारण औषध म्हणून दिलेल्या त्या द्रवात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होते. औद्योगिक वापराचा माल औषधाच्या नावाने रुग्णालयाच्या भांडारात येऊन पडला होता. चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. त्या चौकशीत खरेदी, परवाने आणि तपासणी या तिन्ही ठिकाणची सडलेली साखळी उघडी पडली. आयोगाचा अहवाल आला, खळबळ माजली, यथावकाश शमलीही. आज आमच्या वर्गात ‘लेंटिन’ हे नाव किती जणांना ठाऊक आहे, याची मी परीक्षाच घेतली. दोघांना. त्यांतला एक स्पर्धा परीक्षेला बसणारा होता.

अशा घटनेनंतर सरकारी यंत्रणा काय करते? आणखी एक सही वाढवते. फाईल ज्या टेबलावरून पूर्वी पुढे जात असे तेथे आता समिती बसते, समितीवर उपसमिती बसते, आणि शेवटी मार्च उजाडला की पैसे परत जातील या भीतीने सगळे एका आठवड्यात उरकले जाते. दोष बाबूला देणे सोपे आहे. पण त्याच्या खुर्चीत क्षणभर बसून पाहा. दोन रुपयांची चांगली गोळी सोडून दीड रुपयाची शंकास्पद गोळी त्याने घेतली, तर त्याला कोणी काही विचारीत नाही. उलट केले, तर लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो, ‘न्यूनतम दर का डावलला, खुलासा करावा’. तो खुलासा निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही. गोळी वेळेवर न आल्याने किती म्हातारी माणसे खिडकीवरून परत गेली, याचा खुलासा मात्र कोणी कधी मागत नाही. मग तो कशाला भिणार? सारी व्यवस्था लखोटा उघडण्याच्या एका क्षणावर पहारा देत उभी आहे. त्या क्षणाच्या आधी काय हवे ते कोण ठरवतो आणि नंतर आलेल्या मालाचे काय होते, इकडे पहारेकऱ्यांची पाठ आहे. माझी तक्रार नेमकी ही आहे.

यावर उपाय नाही असे नव्हे. तो आपल्याच देशात, तमिळनाडूत सापडतो. तेथे १९९४ साली राज्य सरकारने औषधखरेदीसाठी एक स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले आणि १९९५ पासून ते कामाला लागले. त्यांनी प्रथम काय केले, तर यादी आखूड केली. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी १९७७ मध्येच काढली होती. त्याच धर्तीवर खरोखर लागणारी औषधे मूळ नावाने निवडली. निविदा भरायची ती स्वतः औषध बनवणाऱ्याने. मधल्या दलालाला जागा नाही. दोन लखोटे. पहिल्यात कारखान्याची लायकी. ती पटली तरच दुसरा, दराचा लखोटा उघडायचा. म्हणजे कमी दराचे तत्त्व त्यांनी सोडले नाही, त्याच्यापुढे एक उंबरठा घातला.

पण खरी मेख पुढे आहे. माल जिल्ह्याच्या गोदामात आला की त्याचे नमुने काढायचे, नाव झाकून त्यांना सांकेतिक क्रमांक द्यायचा आणि प्रयोगशाळेकडे पाठवायचे. तपासणाऱ्याला औषध कोणाचे ते कळत नाही. तेव्हा फोन कोणी कोणाला करावा? तपासणीत उतरला तर माल पुढे जाणार, नापास झाला तर परत, आणि वारंवार नापास होणारा काळ्या यादीत. शिवाय प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक. आपल्या बँकेच्या पासबुकासारखेच. वर्षाची रक्कम त्यात जमा दाखवायची. रुग्णालयाने आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून औषधे उचलायची, तेवढी रक्कम वजा. वरून खोकी पाठवून ‘हे वापरा’ म्हणण्याऐवजी खालून मागणी येऊ लागली. कोणत्या गोदामात काय उरले आहे याची संगणकावर नोंद, हे त्यांनी नव्वदीच्या दशकात केले. आणि पुरवठादाराचे पैसे वेळेवर देण्याचा रिवाज पाडला. या शेवटच्या गोष्टीला मी फार महत्त्व देते. ज्या सरकारकडून पैसे वर्ष-दीड वर्ष मिळत नाहीत, त्याच्या निविदेत भला उत्पादक उतरतच नाही. उतरतो तो, ज्याला मधल्या काळाचे व्याज मालातून वसूल करता येते. लहान उद्योगांचे देणे फार तर ४५ दिवसांत चुकते करावे, असे २००६ चा कायदा सांगतो. ज्यांनी सरकारी बिले वसूल केली आहेत त्यांना हे वाक्य वाचून दाखवावे आणि त्यांचा चेहरा पाहावा.

केरळ आणि राजस्थान यांनी हीच वाट पुढे धरली. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषधयोजना सुरू झाली ती अशाच महामंडळाच्या जोरावर. महाराष्ट्राने मात्र २०१७ मध्ये खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे सोपवले. लस आणि औषधे तयार करण्यात जिची हयात गेली, त्या संस्थेला साऱ्या राज्याच्या औषधांची आणि यंत्रांची बाजारहाट करायला लावली! सुगरणीला वाण्याच्या दुकानात बसवण्यापैकीच हे झाले. पुरवठा रखडल्याच्या तक्रारी वाढत गेल्या, महालेखापरीक्षकांनीही ताशेरे ओढले. अखेर २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण निर्माण करण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात दोन दिवसांत ३१ रुग्ण मरण पावले. औषधांचा तुटवडा होता असा आरोप झाला, सरकारने तो नाकारला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. कोण खरे हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. पण त्या दिवशी त्या रुग्णालयाच्या भांडारात काय होते आणि काय नव्हते, हे कोणाही नागरिकाला पाहता आले असते, तर आरोपाचीही गरज उरली नसती आणि इन्काराचीही.

दिल्लीतही हालचाल झाली आहे, नाही असे नाही. सार्वजनिक खरेदीसाठी सबंध देशाला एक कायदा असावा म्हणून २०१२ मध्ये लोकसभेत विधेयक आले; २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसे तेही संपले. २०१६ पासून सरकारी खरेदीचा संगणकीय बाजार सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी जुने पुरवठा महासंचालनालय बंद करण्यात आले. खुर्च्या, कागद, पंखे यांच्या दरांवर चार लोकांची नजर पडू लागली हे चांगलेच झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तर अर्थ मंत्रालयानेच मान्य केले की नेहमी सर्वांत कमी दरालाच काम देणे शहाणपणाचे नसते. काही कामांत गुणवत्तेलाही गुण देण्याची मुभा दिली. तरी संगणक लखोटा उघडू शकतो, गोळीची पट्टी फोडून पाहू शकत नाही. त्याला माणूस लागतो, प्रयोगशाळा लागते, आणि तिचा अहवाल बासनात न बांधणारा वरिष्ठ लागतो.

आमचे एक सर माझे हे म्हणणे ऐकून म्हणाले, “पोरी, अधिकाऱ्याला महाग माल निवडायची मुभा दिलीस की ठेकेदाराची गाडी त्याच्या दारात उभी राहिलीच म्हणून समज.” ही भीती खोटी नाही. कमी दराचा नियम आंधळा आहे म्हणूनच तो काहींना सुरक्षित वाटतो. पण सर, आंधळेपणा हवाच असेल तर तो तमिळनाडूतल्या त्या नमुन्याच्या बाटलीसारखा हवा. तिच्यावरचे नाव झाकलेले, आतले औषध मात्र उघडे. अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव देऊ नका, माझेही तेच म्हणणे आहे. लायकीच्या अटी निविदेपूर्वी छापा, तपासणीचे निकाल छापा, कोणाचे पैसे किती दिवस थकले तेही छापा. गाडी दारात उभी राहिली तरी आत बसून बोलण्यासारखे फारसे काही उरणार नाही.

आणि एक लहानशी मागणी, जिला कायदा लागत नाही की महामंडळ लागत नाही. औषधाच्या खिडकीबाहेर एक फळा लावावा. आज कोणती औषधे आहेत, कोणती नाहीत, नसलेल्यांची मागणी कोणत्या तारखेला गेली आणि ती सध्या कोणत्या टेबलावर आहे, एवढेच त्यावर खडूने लिहावे. खडूची खरेदी तरी अडकू नये. आजीला वाचता येत नाही. पण महिन्यातून एकदा मी तिच्याबरोबर असतेच. कुठे अडकले आहे ते मी तिला वाचून दाखवीन, आणि त्या टेबलावरच्या माणसाला काय विचारायचे ते ती ठरवील.