लॅपटॉप भरला? आधी मुलांचे व्हिडिओ उडवू नका

शिक्षक मित्रांनो, शाळेच्या लॅपटॉपची सी ड्राइव्ह लाल झाली की आपण मोठ्या फाईली शोधतो आणि मुलांच्या वाचनाचे व्हिडिओ उडवतो. मीही तेच केलं. पहिलीत अडखळणारी मुलगी आता घडाघडा वाचते, पण पालकांना दाखवायला तिचा जुना व्हिडिओच नाही.

माझं मत असं की आधी कचरा काढावा. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाईल्स असं जा. तिथल्या ‘डाउनलोड्स’वर मात्र न बघता टिक करू नका. चारदा उतरवलेलं एकच परिपत्रक काढा. रिसायकल बिन रिकामं करा, त्याशिवाय जागा सुटत नाही. व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्या, उघडून बघा, मगच डिलीट करा. परिपत्रक पुन्हा मिळेल, पहिलीतलं ते वाचन नाही मिळणार.