चिखलाला वळसा नको

आषाढाच्या सरी सुरू झाल्या की घराघरांतली सकाळची फेरी बंद पडते. बूट माळ्यावर जातात, छत्री दाराशी येते आणि ‘आता दिवाळीनंतर पाहू’ असा ठराव एकमताने मंजूर होतो. त्यामागे मुख्य भीती सर्दीची. वास्तविक सर्दी होते ती विषाणूंमुळे, पावसाच्या थेंबांमुळे नव्हे. ओल्या कपड्यांत ताटकळत उभे राहणे मात्र वाईट, कारण तेव्हा अंग गार पडते. धावणाऱ्याच्या अंगात ऊब असते. धावणे संपताच अंग पुसून कोरडे कपडे घालावेत, एवढे पथ्य पाळले तर पावसाळ्यासारखा धावण्याचा ऋतू नाही.

पण धावायचे कुठे? रस्त्यावर साचलेले पाणी, त्याखाली न दिसणारे खड्डे आणि शेजारून जाणाऱ्या वाहनांचे फवारे! त्यापेक्षा गावाजवळची टेकडी बरी.

पुण्याची वेताळ टेकडी हे याचे उत्तम उदाहरण. कोथरूड, पाषाण, गोखलेनगर, लॉ कॉलेज रस्ता अशा वस्त्यांनी तिला चहूबाजूंनी वेढले आहे. माथ्यावर वेताळाचे लहानसे देऊळ आहे. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, तर हा माथा सुमारे ८०० मीटरवर. शहरातल्या सर्वांत उंच जागांपैकी ही एक. चढ संपला की वर बराच सपाट भाग लागतो, म्हणून नवख्यालाही ती मानवते. शिवाय पुणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. वर्षाचा पाऊस साधारण ३० इंच. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात धो धो कोसळत असताना पुण्यात पुष्कळदा नुसती भुरभूर असते. अशा सकाळी टेकडीवर गवत हिरवेगार झालेले असते, मोराची केका ऐकू येते आणि पांढऱ्या मुसळीची फुले दिसू लागतात.

आता धावण्याविषयी. पावसात टेकडीवर किलोमीटर मोजू नयेत, मिनिटे मोजावीत. सुरुवातीला अर्धा तास पुरे. चढ चालत चढावा, सपाटीवर हळू धावावे आणि उतार पुन्हा चालत उतरावा. दोन-तीन आठवड्यांनी पाय सरावले की उतारावरही हलके धावता येते. पावले लहान टाकावीत आणि नजर तीन-चार मीटर पुढे ठेवावी. उतरताना पुष्कळजण घाबरून मागे रेलतात. तसे केले की टाच सटकते आणि माणूस पाठीवर आपटतो. गुडघे किंचित वाकवून, अंगाचा भार पावलावर सरळ पडेल असे उतरावे. शेवाळलेला कातळ आणि झाडांची ओली मुळे यांवर धावूच नये. बुटांच्या तळाला खोल खाचा हव्यात. तळ झिजून गुळगुळीत झालेले जुने बूट ‘पावसात चालतील’ म्हणून वापरणे म्हणजे घोटा मुरगळून घेणे. सुती बनियन पाणी पिऊन जड होते व अंगाला घासते, म्हणून लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा सदरा बरा. गुडघ्याचे किंवा हृदयाचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पायवाटेवर चिखल दिसला की आपण बूट वाचवण्यासाठी बाजूच्या गवतावरून जातो. मागून येणारा तेच करतो. आठवडाभरात ते गवतही तुडवले जाते, तिथेही चिखल होतो आणि पुढचा माणूस आणखी बाहेरून जातो. दोन फुटांची पायवाट पाहता पाहता दहा फुटांची होते. वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी काळ्या कातळावर मातीचा थर पातळ असतो. ती माती धरून ठेवतात गवताची मुळे. गवत गेले की पुढची मोठी सर माती धुऊन नेते, वाटेची घळ होते आणि खाली उरतात सुटे दगड. मग तीच वाट धावणाऱ्याचे पाय मुरगळते.

म्हणून चिखल आला की वेग कमी करावा आणि सरळ चिखलातूनच चालत जावे. यात आपलाही फायदा आहे. वाटेवरचा चिखल निदान डोळ्यांना दिसतो. कडेच्या गवतात दडलेला दगड किंवा घोणस दिसत नाही. बूट काय, घरी येऊन धुता येतात.

काही ठिकाणी मात्र हटकून दूर राहावे. या टेकडीवर दगडाच्या जुन्या खाणी आहेत. पावसात त्यांत पाणी साठते. काठ निसरडा असतो आणि पाण्याचा अंदाज येत नाही. मुलांना तिथे जाऊ देऊ नये. दुसरी गोष्ट विजेची. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजावे आणि लगेच माथा सोडून पक्क्या इमारतीत आसरा घ्यावा. एकट्या झाडाखाली उभे राहू नये. एकट्याने जाण्यापेक्षा सोबत बरी, आणि कोणत्या वाटेने जाणार हे घरी सांगून निघावे.

घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, नाहीतर चिखल्या होतात. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की ओल लवकर शोषली जाते. खरचटले असेल तर जखम स्वच्छ धुऊन औषध लावावे. पावसात तहान लागत नाही, तरी घाम येतच असतो, म्हणून पाणी प्यायला विसरू नये.

२०२३ च्या एप्रिलमध्ये या टेकडीतून जाणाऱ्या नियोजित रस्त्याविरुद्ध पुणेकर मोठ्या संख्येने मोर्चात उतरले होते. आजोबा-आजींपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांना ही टेकडी आपली वाटते, हे चांगलेच आहे. पण मोर्चा वर्षातून एखादा. आपली पावले तिथे रोज पडतात, आणि ती कुठे पडतात यावरही टेकडीचे बरेच काही अवलंबून असते.

तुमच्या गावाजवळही अशी एखादी टेकडी असेल. नागपूरकरांना सेमिनरी हिल्स आहे, इंदूरकरांना रालामंडल. जागा वनखात्याची असेल तर वेळ आणि परवानगी आधी विचारून घ्यावी. मग माळ्यावरचे बूट खाली काढा, तळाच्या खाचा शिल्लक आहेत का ते पाहा आणि येत्या रविवारी मुलांनाही बरोबर न्या. चिखलातून सरळ कसे जायचे, हे त्यांना शिकवावे लागत नाही. त्यांना फक्त अडवू नका.