पाऊस उघडला का?

आश्विन लागला की अक्कलकोटच्या वस्तीत ‘जय भीम’नंतर दुसरा शब्द पावसाचाच निघतो. “आक्का, तुमच्याकडं उघडला का गं?” पलीकडून एखादी कानडीत सांगते, “मळी बंतु!” सीमेवरचं गाव, दोन्ही भाषा चालतात.

भगिनींनो, या बोलण्याला रिकामपणाच्या गप्पा समजू नका. परतीच्या पावसाची ओल रब्बी ज्वारीच्या पेरणीला हवीच असते. पण त्याच पावसानं सोयाबीनची काढणी थांबते आणि रोजानं जाणाऱ्या बाईची मजुरी बुडते. म्हणून “पाऊस उघडला का?” या विचारण्यात “आज काम मिळालं का? घरात पीठ आहे का?” हेही असतं.

२०२० चा ऑक्टोबर आठवा. बंगालच्या उपसागरातलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र १३ तारखेला आंध्रच्या किनाऱ्यावर आलं आणि तेलंगणावरून आपल्या जिल्ह्यात शिरलं. बोरी नदीला पूर आला. काठच्या गावांत घरांत पाणी घुसलं, उभी पिकं गेली. अशा रात्री सरकारी मदत येईपर्यंत शेजाऱ्याचाच आधार असतो.

तेव्हा “होय बाई, लई पडतोय” एवढं म्हणून पुढं जाऊ नका. एकट्या म्हातारीचा पत्रा गळतो का, ते आत जाऊन बघा. जिची मजुरी बुडाली तिच्या घरी शेरभर पीठ पोचवा. आणि आपल्यावर वेळ आली, तर मागायलाही लाजू नका.