गणिताच्या सरांनाच समुपदेशक करू नका

दहावीला गणित शिकवणाऱ्या सरांचंच नाव समुपदेशक म्हणून लावणं ही पोरांची उघड फसवणूक आहे. सांगली जिल्ह्यातल्या पलूस-भिलवडी पट्ट्यात मी शिक्षकांशी बोलतो तेव्हा हेच ऐकतो. ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी, आत खेळाच्या सामानाचा ढीग आणि कागदावर कुणातरी शिक्षकाचं नाव. ज्याच्या हातात अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण आहेत आणि जो संध्याकाळी बापाला चौकात भेटणार आहे, त्याच्यापुढं पोरगी घरातलं काय बोलणार? ती गप्प बसते आणि अहवालात तक्रारी ‘निरंक’ होतात.

‘दोन ठेवून दिल्या की सुतासारखा सरळ होतो’ असं म्हणणारे शिक्षक आजही आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमानं मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींवर 2009 सालीच बंदी घातली, तरी त्यांना समुपदेशन म्हणजे लाड वाटतात. पण त्यांच्याहून जास्त शिक्षक हवालदिल आहेत. मतदार यादीचं बीएलओचं काम, पोषण आहाराचे हिशेब, ऑनलाइन माहिती, वर्गात साठ पोरं. त्यात रोज डबा तसाच परत नेणारी, कुणाशी न बोलणारी मुलगी समोर आली तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

समुपदेशकांची बाजू याहून वाईट. संस्था मानधनावर एखाद्या ताईंना अधूनमधून बोलावते. शिपाई वर्गाच्या दारातून सगळ्यांसमोर नाव पुकारतो, ‘चल, समुपदेशनाला.’ मुलगा उठतो, मागच्या बाकावरून ‘येडा’ ऐकू येतं. मधल्या सुट्टीत वर्गशिक्षक चारचौघांत विचारतात, ‘काय म्हणाला ओ ताई?’ ताईंनी सांगितलं नाही तर त्या आगाऊ ठरतात, सांगितलं तर पोराचा विश्वास संपतो. वर ऑफ तास असला की त्यांनाच वर्गावर धाडतात. लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सोच्या 19व्या कलमानं तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तरीही ‘आधी संस्थेत बोलू’ म्हणणारे महाभाग आहेत. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला 21व्या कलमानं एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांना खडसावून सांगायला हवं.

शिक्षक आणि समुपदेशक या दोघांना एकमेकांसमोर उभं करून सरकार बाजूला झालंय. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमा, असं सर्वोच्च न्यायालयानं 25 जुलै 2025 रोजी बजावलं. पण अनुदानित शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, शिपाई आहेत. समुपदेशकाचं पद कुठाय? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे म्हणतात. नववीतल्या मुलीनं तो बापाच्या मोबाइलवरून, बापासमोर लावायचा काय?

असं माणूस नसलं की काय होतं, ते इथंच दिसलं. ब्रह्मनाळ पलूस तालुक्यातलंच. 8 ऑगस्ट 2019 ला तिथं पुरात बोट उलटली, ओळखीची माणसं गेली. पूर ओसरल्यावर पोरांना वह्या-दप्तरं मिळाली. शाळेत रोज भेटेल असं बोलायचं माणूस मिळालं नाही. जून 2025 मध्ये आटपाडी तालुक्यात नेलकरंजीला नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून बापानं केलेल्या मारहाणीत मुलगी गेल्याची बातमी आली. अटक झालेला बाप स्वतः मुख्याध्यापक होता. अशा घरातली मुलगी शाळेत कुणाकडं जाणार?

पूर्णवेळ, पगारी, शासनाच्या नेमणुकीचा समुपदेशक द्या. शंभराखालच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना प्रत्येक शाळा-केंद्रामागे एक द्या. त्याच्या खोलीला दार हवं, नोंदी कुलपात हव्यात आणि त्या मुख्याध्यापकांनीही मागता कामा नयेत. शिक्षक संघटना जुन्या पेन्शनसाठी रस्त्यावर उतरतात, ते रास्तच आहे. आता या पदासाठीही सांगली जिल्हा परिषदेवर मोर्चा काढा. आणि प्रशिक्षण नसताना समुपदेशक म्हणून तुमचं नाव लावायला कुणी सही मागितली, तर ‘मी करणार नाही’ असं लेखी द्या.