स्कार्लेटचं प्रेम आणि डिल्सीची किंमत

‘गॉन विथ द विंड’ एकदाची वाचून संपवली. हजारएक पानं. स्पष्टच लिहितो, निराशा झाली.

१९३६ ची ही कादंबरी, पुढच्याच वर्षी पुलित्झर मिळालेली. अमेरिकेतलं यादवी युद्ध, जॉर्जियातले कापसाचे मळे आणि प्रेमाचा भलताच गुंता. स्कार्लेटला हवा ॲश्ली, तो लग्न करतो मेलनीशी. ही रागाच्या भरात मेलनीच्या भावाशी लग्न करते. तो गेल्यावर, जमिनीचा कर भरायचाय म्हणून सख्ख्या बहिणीचा ठरलेला नवरा पळवते. मग तिसरा, ऱ्हेट. इथवर तक्रार नाही. मिचेलबाई लिहितात झकास.

तक्रार पुढे आहे. सुरुवातीलाच स्कार्लेट ॲश्लीच्या लग्नाची बातमी खरी की खोटी हे विचारायला वडिलांची वाट बघत असते. वडील त्या दिवशी शेजारच्या मळ्यावर कशाला गेलेले? त्यांचा गुलाम पोर्क याची बायको डिल्सी तिथल्या मालकाची. नवरा-बायकोला एकत्र राहता यावं म्हणून तिला विकत घ्यायला. मुलीसकट तीन हजार डॉलर. मुलीलाही घेतलंत म्हणून डिल्सी वर आभार मानते!

खरी प्रेमकथा तर ही होती ना? गुलामांच्या लग्नाला तिथे कायद्याची मान्यताच नव्हती. मालकाच्या मनात आलं की संसार मोडला. पण लेखिकेला यात दिसतो मालकाचा दिलदारपणा. पुढे स्कार्लेटचा दुसरा नवरा कू क्लक्स क्लॅनच्या रात्रीच्या हल्ल्यात मरतो, तेव्हाही सहानुभूती हल्लेखोरांनाच.

‘त्या काळची कादंबरी आहे, आजचे निकष लावू नका,’ असं कोणी म्हणेलच. अहो, गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, कादंबरी आली सत्तर वर्षांनी. आणि १८७३ मध्ये आपल्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना जे दिसलं, ते अटलांटात राहून बाईंना दिसू नये?

आपणही फार शेफारू नये. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री चालायची. वाड्यातल्या प्रेमकथांवर आपण इतकं वाचतो, त्यात या बायका किती पानांवर असतात?

बंदीबिंदी मागत नाहीये. कादंबरी जरूर वाचा. फक्त डिल्सीचा प्रसंग आला की घाईनं पान उलटू नका.