बेंच कंपनीचा, भाकर बापाची

राजेहो, 'बेंच' हा शब्द आता मिहानपासून मानेवाड्यापर्यंत घरोघरी माहीत झालाय. आयटी कंपनी क्लायंटला माणसं पुरवते. क्लायंट म्हणतो, जावाचे चार इंजिनिअर सोमवारी पाहिजेत. तेव्हा शोधाशोध करून भागत नाही, कारण बाहेरून माणूस आणायचा तर त्याचा तीन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो. म्हणून काही तयार पोट्टे बिनकामाचे राखून ठेवावे लागतात. हाच बेंच. इथपर्यंत तक्रार नाही, धंद्याची गरज आहे.

प्रश्न एवढाच, की या तयारीचा खर्च कोणी करायचा?

अग्निशमन दलाचं बघा. महिनाभर आग लागली नाही म्हणून जवानांचा पगार कोणी कापत नाही. तयार राहणं हेच त्यांचं काम. आयटीत मात्र उलटं. टीसीएसनं जून २०२५ पासून नियम केला: वर्षात किमान २२५ दिवस क्लायंटच्या बिलावर काम, बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस. जास्त बसलात तर पगार, बढती, नोकरी, सगळ्यावर परिणाम. 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं याविरुद्ध केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे दाद मागितली. त्याच एप्रिल-जून तिमाहीत कंपनीचा नफा होता १२,७६० कोटी. आणि जुलैत घोषणा काय, तर सुमारे १२,००० लोक कमी करणार! ऑर्डर आणणं सेल्सवाल्यांचं काम. ती आली नाही, तर शिक्षा कोडिंगवाल्याला काऊन?

काही लहान कन्सल्टन्सीवाले तर याहून हुशार. ते बेंच ठेवतच नाहीत, बायोडाटा ठेवतात. ऑफर लेटर देतात, जॉइनिंगची तारीख देत नाहीत. क्लायंटला सांगतात, 'माणूस तयार आहे.' तो माणूस हिंगणा रोडवरच्या घरात, बापाच्या पेन्शनवर तयार बसलेला असतो.

काही जण म्हणतील, बेंचचा पगार मागाल तर कंपन्या नागपुरात येणार नाहीत. अहो, तयार माणूस लगेच पाहिजे असेल तर क्लायंटकडून जास्त दर घ्या ना! हॉटेलवाला रिकाम्या खोलीचं भाडं वेटरच्या खिशातून काढतो का?

यापुढे कोणी पुढारी मिहानच्या रोजगाराचा आकडा सांगेल, तेव्हा एकच विचारा: यातल्या किती जणांच्या हातात पगाराची स्लिप पडली? आणि आईबापांनो, ऑफर लेटरवर रुजू होण्याची तारीख आणि बेंचवरचा पगार लिहिलेला नसेल, तर पेढे वाटायची घाई करू नका.