उपऱ्या पक्ष्याचे ‘संवर्धन’

मार्चचा शेवटचा शनिवार उजाडला की कॅलिफोर्नियात जंगली टर्कीच्या शिकारीचा वसंत हंगाम सुरू होतो. झाडीच्या रंगाचे कपडे घातलेले शिकारी पहाटेच्या अंधारात ओकच्या झाडाखाली दबा धरून बसतात. लाकडी पेटी घासून मादीचा आवाज काढतात आणि त्या आवाजाला भुललेला नर पिसारा फुलवून पुढे येण्याची वाट पाहतात. नियम कडक आहेत. छातीवर पिसांची ‘दाढी’ लोंबणारा पक्षीच टिपायचा. दिवसाला एक, हंगामात तीन. त्यासाठी परवाना घ्यायचा, वर डोंगराळ भागातील शिकारीच्या पक्ष्यांसाठीचे वेगळे शुल्क भरायचे. हा पैसा वन्यजीवांच्या कामी लागतो. या सगळ्या व्यवस्थेला अमेरिकेत ‘संवर्धन’ म्हणतात आणि तो शब्द तेथे कोणाला खटकत नाही.

खटकायला हवा, कारण ही टर्की कॅलिफोर्नियाची नाहीच. शिकाऱ्यांना शिकार मिळावी म्हणून ती तेथे आणून सोडलेली आहे.

हा मुद्दा समजायला आधी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जावे लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये जंगली टर्की पिढ्यान्‌पिढ्या होती. शेतीसाठी जंगले तुटली, वर्षभर बंदुका चालल्या आणि १८५१ मध्ये त्या राज्यातली अखेरची टर्की संपली. इतर अनेक राज्यांतही तेच घडले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साऱ्या देशातली जंगली टर्की काही हजारांवर आल्याचे अंदाज आहेत. पाळीव पद्धतीने वाढवलेले पक्षी जंगलात सोडण्याचे प्रयोग झाले. ते फसले, कारण पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला कोल्ह्यापासून पळायला शिकवणारी आई नसते. मग १९५० च्या दशकात वन्यजीव खात्यांना एक युक्ती सापडली. दाणे टाकून थवा जमवायचा आणि छोट्या तोफांच्या बाराने त्याच्यावरून मोठे जाळे उडवायचे. अशा रीतीने धरलेले खरे जंगली पक्षी जेथून नाहीसे झाले होते तेथे नेऊन सोडायचे. मॅसॅच्युसेट्सला १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कमधून असे ३७ पक्षी मिळाले. आज त्या राज्यात टर्कीची संख्या पंचवीस हजारांच्या वर आहे. ही परतफेड होती आणि ती शिकाऱ्यांच्या पैशावर झाली. बंदुका आणि काडतुसांवरील केंद्रीय कर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला गेला. त्याशिवाय हे घडणे कठीण होते. शिकारीचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांनीही एवढे मान्य करायला हवे.

कॅलिफोर्नियाने नेमकी हीच युक्ती वापरली, पण वेगळ्या कारणाने. तेथे नाहीसे झालेले काही परत आणायचे नव्हते. १९०८ पासून तेथील सरकारी खाते पाळीव पद्धतीने वाढवलेल्या टर्की सोडून पाहत होते. त्या तगल्या नाहीत. १९५९ मध्ये टेक्सासमधून धरून आणलेल्या रिओ ग्रान्द जातीच्या जंगली टर्की सोडल्या आणि त्या रुजल्या. पुढची चाळीस वर्षे, १९९९ पर्यंत, हे सोडणे चालू राहिले. आज तेथे दोन लाखांहून अधिक टर्की असाव्यात असा अंदाज आहे. डेव्हिससारख्या विद्यापीठाच्या गावात त्या रस्ता अडवतात, मोटारीच्या चकचकीत पत्र्यात दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर चोचीने तुटून पडतात, बागांची नासाडी करतात. बे एरियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही अंगणात उतरलेल्या टर्कीच्या थव्याचे आता नवल राहिलेले नाही.

‘टर्की तेथली नाही’ या आक्षेपाला तिचे समर्थक एक उत्तर देतात आणि ते ऐकण्यासारखे आहे. लॉस एंजेलिस शहरातल्या ला ब्रेआ येथील डांबराच्या खड्ड्यांत प्राचीन प्राण्यांची लाखो हाडे सापडली आहेत, त्यांत एका टर्कीचीही विपुल हाडे आहेत. म्हणजे टर्की तेथे होतीच. खाते फक्त रिकामी जागा भरत आहे! ऐकायला हे छान वाटते. पण ती टर्की वेगळ्या प्रजातीची होती आणि ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या अखेरीस, नामशेष झाली. त्याच खड्ड्यांत मॅमथ आणि सुळेदार मार्जारही सापडले आहेत. तेव्हाची झाडी, तेव्हाचे हवामान, तेव्हाचे भक्षक यांतले फारसे काही उरलेले नाही. दहा हजार वर्षे रिकामी राहिलेली जागा रिकामी कशी म्हणायची?

तशी ही टर्की माणसाच्या हातून फिरण्याला जुनीच सरावलेली. मेक्सिकोत माणसाळवलेला पक्षी सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी युरोपात नेला आणि तो मूळचा कुठला याचा गोंधळ प्रत्येक भाषेने घातला. इंग्रजांनी तो तुर्कस्तानचा मानला. तुर्की भाषेत त्याचे नाव ‘हिंदी’, फ्रेंचमध्येही भारताशी नाते सांगणारे, आणि पोर्तुगीजांसाठी तो ‘पेरू’! भारतात हा पक्षी पोर्तुगीजांच्या गोव्यामार्गे आला. जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान याने १६१२ मध्ये गोव्याहून आणलेल्या नवलाईंत एक टर्की होती. तिच्या डोक्याचे रंग सरड्यासारखे बदलतात, हे पाहून बादशहा इतका चकित झाला की त्याने आत्मचरित्रात तिचे वर्णन लिहून ठेवले. उस्ताद मन्सूरने काढलेले तिचे चित्र आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पिंजऱ्यातल्या किंवा खुराड्यातल्या पाहुण्याने कोणाचे बिघडत नाही. त्याला रानात मोकळे सोडले की हिशेब बदलतो.

मग कॅलिफोर्नियाच्या रानात टर्कीने काही बिघडवले आहे का? येथे विज्ञान दोन्ही बाजूंच्या उत्साहाला वेसण घालते. टर्की जमीन उकरते. प्रौढ पक्षी मुख्यतः गवत, बिया आणि ओकची फळे खातो. पिल्ले पहिले काही आठवडे प्रामुख्याने किड्यांवर वाढतात. क्वचित सरडा, बेडूकही पोटात जातो. वनस्पतिप्रेमी संघटना आणि राज्य उद्यानांचे अधिकारी यांना दुर्मीळ फुलझाडांची आणि स्थानिक पक्ष्यांच्या अन्नाची चिंता वाटते. ही चिंता वाजवी आहे, पण टर्कीमुळे एखादी स्थानिक प्रजाती संकटात आली असा ठाम पुरावा पुढे आलेला नाही. रानडुकराने तेथे केलेल्या नासधुशीच्या तुलनेत टर्की सौम्यच म्हणायची. म्हणून तिला खलनायक ठरवणे चूक आहे. मात्र पुरावा नसणे आणि निर्दोष असणे यांत अंतर असते. सोडणारे खाते आधी सोडते आणि अभ्यास मागाहून करू पाहते, तेव्हा तुलनेसाठी ‘टर्की येण्यापूर्वीची’ नोंदच हाती नसते.

दुसरा दावा मात्र सरळच लंगडा आहे. शिकारीमुळे टर्कीची संख्या आटोक्यात राहते, असे वारंवार सांगितले जाते. वसंत हंगामाचा नियम पुन्हा पाहा: फक्त दाढीवाला पक्षी, म्हणजे जवळजवळ नेहमी नर. टर्कीत एक नर अनेक माद्यांशी जुगतो. काही नर कमी झाले तरी उरलेले पुरतात आणि मादी दरवर्षी दहा-बारा अंडी घालतच राहते. संख्या घटवायची तर मादी मारावी लागते आणि ती मुभा केवळ नोव्हेंबरच्या हंगामात आहे, तीही दिवसाला एक आणि एकूण दोन पक्ष्यांपुरती. वसंत हंगामाची ही आखणी जेथे टर्की परत आणायची होती तेथे अतिशय शहाणपणाची होती. कॅलिफोर्नियाने ती जशीच्या तशी उचलली, कारण तेथेही हेतू पक्षी टिकवण्याचाच आहे. अशा शिकारीला ‘नियंत्रण’ म्हणता येत नाही. तो पीक काढण्याचा प्रकार आहे. दरवर्षी हाती यावे म्हणून बियाणे राखून ठेवायचे, इतकेच.

या राखणीमागे पैशाचा तर्कही आहे. पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा निधी राज्यांना वाटताना राज्याचे क्षेत्रफळ आणि परवानाधारक शिकाऱ्यांची संख्या या दोन गोष्टी धरल्या जातात. शिकारी जितके जास्त, तितका वाटा मोठा. शिकाऱ्याला बांधून ठेवणारा, धिप्पाड, चतुर आणि शहराजवळ मिळणारा पक्षी कोणत्या खात्याला नको असेल? या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात, ओकची कुरणे सुधारली जातात, त्याचा लाभ स्थानिक जीवांनाही होतो. पण टर्की किती वाढवायची हे ठरवणाऱ्याच हातात तिच्यापासून येणाऱ्या उत्पन्नाची वहीही असते, तेव्हा त्या निर्णयाला शुद्ध विज्ञान म्हणणे धाडसाचे होते.

शिकारीची आणखी एक किंमत पक्ष्यांच्या गणनेत कधी धरली गेली नाही, ती शिशाची. शिशाचे छर्रे आणि गोळ्या मांसात बारीक कण मागे ठेवतात. ते मांस माणसाच्या ताटात येते आणि आतडी-कोथळा रानात पडतो. रक्तातले शिसे किती असले म्हणजे सुरक्षित, अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. मुलांच्या मेंदूची वाढ तर अल्प प्रमाणानेही बाधित होते. कॅलिफोर्नियात हे विष कॉन्डोर या अवाढव्य गिधाडाच्या जिवावर उठले. १९८२ मध्ये जगात उरलेल्या कॉन्डोरांची संख्या २२ होती. पुढे सगळे पक्षी पकडून, पैदास करून ते पुन्हा मोकळे सोडले, तरी मोकळ्या कॉन्डोरांच्या मृत्यूचे सर्वात मोठे कारण शिशाची विषबाधा हेच राहिले. त्यात मोठा दोष हरीण आणि रानडुकरावर झाडलेल्या गोळ्यांचा आहे, टर्कीच्या छर्‍यांचा नव्हे. तरीही कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून राज्यात कोणत्याही शिकारीसाठी शिसे वापरण्यास बंदी घातली आणि टर्कीही तिच्यात आली. शिकारी संघटनांनी विरोध केला, पण पोलाद आणि बिस्मथचे छर्रे दुकानांत आले आणि हंगाम चालूच राहिला. शिकारीच्या नियमांत विज्ञानाचे ऐकले जाऊ शकते, याचा हा दाखला आहे.

हवाईत हाच प्रश्न जास्त टोकाला गेला. त्या बेटांवर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी एकच, एक वटवाघूळ. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील मोठ्या बेटावरच्या पुउवाआवाआ रँचवर शिकारीसाठी टेक्सासच्या टर्की सोडल्या गेल्या. त्याच कुरणावर मूळ हिमालयातले कालिज हे रानकोंबडेही सोडले. आपल्याकडचे मोर, तित्तिर, साळुंकी आणि मुंगूस तेथे आधीच पोचले होते. आता हे उपरे पक्षी तेथील फळे खाऊन बिया पसरवतात, काही स्थानिक झाडांच्या आणि काही तणांच्याही. ज्या स्थानिक पक्ष्यांनी हे काम करायचे, त्यांतले पुष्कळ नामशेष झाले आहेत. आता कोणाला हाकलायचे आणि कोणाला ठेवायचे, याचे सोपे उत्तर तेथे कोणाजवळच नाही.

भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, म्हणून हा वाद परका वाटेल. तो तसा नाही. अंदमानात ब्रिटिशांनी शिकारीसाठी चितळ नेऊन सोडले. मुख्य भूमीवर वाघाचे भक्ष्य असलेला हा देखणा प्राणी तेथे भक्षकाविना वाढला आणि जंगलातली कोवळी रोपे फस्त करू लागला. संशोधकांनी जंगलाच्या होणाऱ्या हानीची नोंद केली, पण पेंच-ताडोबात चितळाला मिळणारे कायद्याचे कवच अंदमानातही त्याच्यामागे गेले. पर्यटक मात्र जुन्या रॉस बेटावर त्याला खाऊ घालत फोटो काढत राहिले. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परकीय प्रजातींचे नियमन करण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे. पण देशातल्याच एका भागातली प्रजाती दुसऱ्या भागात उपरी ठरते, तेव्हा काय करायचे, ही अडचण त्याने मिटलेली नाही.

कॅलिफोर्नियातली टर्की आता संपवता येणार नाही आणि त्यासाठी रक्त सांडण्याची गरजही नाही. करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. नव्या जागी टर्की नेऊन सोडणे पुन्हा सुरू होता कामा नये. राज्य उद्यानांच्या शेजारी आणि दुर्मीळ वनस्पतींच्या पट्ट्यांत शरद हंगामातली माद्यांची मर्यादा वाढवावी. नरांवरची शिकारीची हौस भागवायला वसंत हंगाम आहेच. टर्कीच्या शुल्कातून आलेल्या पैशाचा वेगळा जमाखर्च लोकांसमोर ठेवावा आणि त्यातला ठरावीक वाटा केवळ मूळच्या पक्ष्यांवर खर्च व्हावा. त्यांत पहिला मान लावा कुळातल्या ‘कॅलिफोर्निया क्वेल’ या छोट्या तुरेवाल्या पक्ष्याचा. १९३१ पासून तो त्या राज्याचा अधिकृत पक्षी आहे आणि शिकारीसाठी लागणारे शुल्क त्यालाही टर्कीचेच लागते. दरम्यान, पूर्व अमेरिकेतल्या अनेक राज्यांत, जेथे टर्की खरोखर मूळची आहे, तेथे गेल्या दोन दशकांत तिची संख्या पुन्हा घटू लागली आहे. काही राज्यांनी हंगाम उशिरा सुरू करून आणि मर्यादा कमी करून पाहिले आहे. संवर्धनाचा निधी आणि संशोधकांचा वेळ आज तेथे हवा आहे.